डावीकडून आलेली दुचाकी

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो. अठरा वर्षे स्कूटर चालवल्यानंतर गेल्या वर्षी मोटार घेतली. मागच्या महिन्यात कर्वे रस्त्यावरून डावीकडच्या गल्लीत वळत असताना एका मोटारसायकलवाल्याने डावीकडून गाडी घातली आणि माझ्या मोटारीच्या पुढच्या दाराला घासून तो पडला. मी इंडिकेटर दिला होता. त्याला खरचटण्यापलीकडे लागले नाही, पण उठल्याउठल्या त्याने माझ्या आरशावर हात मारला, दहा-पंधरा माणसे जमली आणि 'मोठ्या गाडीचीच चूक' असा निकाल देऊन त्यांनी मला पाचशे रुपये द्यायला लावले. माझा मुलगा बाईक चालवतो. त्यानेही घरी त्याचीच बाजू घेतली. कायदा खरोखर असा आहे का? आणि दुचाकीवाल्यांचा मोटारवाल्यांवर एवढा राग का? – एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी मोठी असणे हा कायद्याने गुन्हा नाही. पुढचे वाहन ओलांडायचे ते उजवीकडून, आणि पुढचा चालक उजवीकडे वळत असेल तरच डावीकडून, असा नियम असल्यामुळे त्या मोटारसायकलवाल्याचे चुकले हे उघड आहे. मात्र डावीकडे वळणाऱ्याने त्याआधी आपले वाहन रस्त्याच्या डाव्या कडेला आणले पाहिजे, हाही तितकाच जुना नियम आहे. आपण इंडिकेटर दिल्याचे लिहिले आहे. गाडी कडेला घेतली होती का, हे लिहिलेले नाही. कडेला रिक्षा आणि हातगाड्या उभ्या असतात म्हणून आपल्याकडचे बहुतेक मोटारवाले रस्त्याच्या मधूनच वळतात आणि डावीकडे तीन-चार फुटांची फट सोडतात. मोटारवाल्याच्या लेखी ती नुसती मोकळी जागा असते. दुचाकीवाल्याच्या लेखी तो रस्ताच असतो, हे अठरा वर्षांच्या अनुभवानंतर आपल्याला वेगळे सांगायला नको.

नुकसानभरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे गेला, तर दोघांचाही निष्काळजीपणा तपासून जबाबदारी वाटून दिली जाते. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई मागता येते. म्हणजे जमलेल्या माणसांचा निकाल कायद्याचा नव्हता, तरी त्यामागची भावना कायद्याला अगदीच परकी नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. आपल्या दाराला पोचा पडतो तेव्हा समोरच्याचे हाड मोडलेले असते, आणि हा फरक सांगायला वकील लागत नाही. पाचशे रुपयांविषयी एवढेच, की पुन्हा असे घडल्यास जागेवर व्यवहार न मिटवता दोन्ही गाड्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि पोलिसांना व विमा कंपनीला कळवावे.

आता रागाविषयी. दुचाकीवर माणूस उघडा असतो: ऊन, धूर, हॉर्न सगळे थेट अंगावर येते, आणि ज्याच्यामुळे आपण पडता पडता वाचलो त्या माणसाचा चेहरा काचेमुळे दिसतही नाही. बोलायला कोणी समोर नसले की हात आरशावर पडतो. मी स्वतः एका पावसाळ्यात डबक्यातले पाणी नखशिखांत अंगावर घेऊन, पुढच्या सिग्नलला त्या मोटारीच्या टपावर चापट मारलेली आहे. काच खाली झाली, तर आतल्या बाईंनी घाबरून हात जोडले. पाणी उडाल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. आपल्या आरशावर हात मारणारा तो मोटारसायकलवाला उद्धट असेलही, पण त्या क्षणी त्याचे पाय लटपटत असण्याचा संभव अधिक.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. रस्त्यावर मोटारवाल्याची नजर मोटारी शोधते. अरुंद आकाराची दुचाकी आहे त्याहून लांब आणि सावकाश येत असल्यासारखी वाटते. म्हणूनच एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. (आजही समोरून येणारे भले लोक पंजा उघडमीट करून 'दिवा चालू आहे' असे सांगत जातात.) पण हा दिवा आरशात दिसला तरच उपयोगाचा. डाव्या आरशाची काच बहुधा फुगीर असल्याने मागचे वाहन लहान व दूर दिसते, आणि दुचाकी मागच्या दाराच्या रेषेत आली की ती आरशातूनही जाते व डोळ्यांच्या कोपऱ्यातही येत नाही. वळण्यापूर्वी मान वळवून खांद्यावरून एकदा पाहणे, एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो नव्या मोटारवाल्यांना सहसा कोणी शिकवत नाही.

आपल्या मुलाशी वाद घालू नये. एखाद्या रविवारी सोसायटीच्या आवारात मोटार उभी करून त्याला चालकाच्या जागी बसवावे आणि त्याची बाईक आपण हाताने ढकलत, डाव्या बाजूने, मागून पुढे न्यावी. आपण कुठे दिसेनासे झालात हे त्याने हॉर्न वाजवून सांगावे. त्या ठिकाणी जमिनीवर खडूने रेघ मारावी, आणि मग जागा बदलावी.