‘ताई, तिथे माझ्यावाचून काहीच अडत नाही’

जुलैतल्या एका संध्याकाळी ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. ओढणी दमट होती. “साताऱ्यात कपडे वाळतच नाहीत का हो ताई?” एवढंच म्हणाली आणि रडू फुटलं. यवतमाळकडची, वय २३. एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी इथल्या नगरपालिकेच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून आलेली, तीन आठवडे झालेले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिचा प्रश्न होता, “तिथे माझ्यावाचून काहीच अडत नाही. परत जाऊ का?”

नव्या गावी शिकवायला आलेली बरीच मुलं साधारण याच सुमाराला खचतात. उत्साह ओसरलेला असतो आणि ओळखी अजून झालेल्या नसतात.

मी म्हटलं, शाळेतला एक दिवस फाटकापासून सांग. तेव्हा खुर्चीची गोष्ट निघाली. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती एका रिकाम्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने एक वयस्कर बाई आल्या, काही न बोलता खिडकीशी उभ्या राहून चहा प्यायल्या. ती खुर्ची त्यांची, हे दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडून कळलं. तेव्हापासून ती त्या खोलीत गेलीच नव्हती. डबा वर्गातल्या मागच्या बाकावर एकटीच खायची. हिला वाटत होतं आपण नकोशा आहोत. बाईंना मात्र वाटत असणार, ही नवी पोरगी आपल्यात मिसळत नाही.

वर्गात वेगळंच. “वही काऊन नाही आणली?” म्हटलं की पोरं खिदळायची. मग ती जपून, पुस्तकी बोलू लागली आणि आवाजच बसला. मंडईत कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणाली, तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “सांबार हाटेलात मिळंल, बाळ.” हे सांगताना ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

झोप आणि भूक शाबूत होती. दोन आठवडे दिवसभर उदास वाटत राहिलं असतं, झोप-भूक उडाली असती, तर मी तिला डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला देते, तिलाही दिला.

मग ठरवलं, मुख्याध्यापिकांना “मी काय शिकवू?” विचारायचं नाही, “रोजचं एक ठरलेलं काम द्या” म्हणायचं. डबा त्या बाईंशेजारी खायचा, “इथे बसू का?” विचारून. आणि वर्ष संपलं की आपण जाणार, हे मुलांना आत्ताच सांगायचं. यावर मी अडून बसले. न सांगता निघून गेलेल्या ताईची कितीतरी दिवस वाट बघणारी मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत.

काम मिळालं ते चौथीतल्या सहा मुलांच्या वाचनाचं. रोज अर्धा तास, व्हरांड्यात. तिला ते फार कमी वाटलं, घरून येताना ती वर्षभराचा आराखडा रंगीत पेनांनी लिहून घेऊन आली होती. मी म्हटलं, सहा तर सहा.

पुढच्या भेटीत तिने फळ्याचा फोटो दाखवला. एका बाजूला तिचे शब्द, दुसऱ्या बाजूला पोरांचे. काऊन – का. जांब – पेरू. सांबार – कोथिंबीर. एरवी पुस्तकाला हात न लावणारा एक मुलगा, बाईंची चूक सापडावी म्हणून फळा अक्षर अक्षर लावून वाचत होता.

सगळं सरळ झालं असं नाही. महालक्ष्म्यांना घरी जाता आलं नाही, तेव्हा तिने पुन्हा बॅग भरली होती. इकडे गौरी म्हणतात, हेही तिला त्याच दिवशी कळलं, कारण खुर्चीवाल्या बाईंनी तिला गौरी जेवायला घरी बोलावलं.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. ७ तारखेच्या विद्यार्थी दिवसाची तयारी चालली होती. तोच फळा वाचणारा मुलगा तिला सांगत होता, “बाई, आंबेडकरांना १९०० साली शाळेत घातलं ना, ते आपल्या साताऱ्यातच. तुमास्नी म्हाईत न्हाई?” रजिस्टरात नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ आहे, हेही त्यानेच सांगितलं. आता वर्गशिक्षिकेसोबत सहाही जण तिला ती शाळा दाखवायला नेणार होते. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की त्या दिवशीची आमची भेट पुढे ढकलता येईल का.