अकरा लाखांच्या छोट्या गाड्या

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय ५१. बर्मिंगहॅमजवळ १७ वर्षं नोकरी करून गेल्या डिसेंबरात पत्नीसह कोथरूडच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये कायमचे परतले. मुलगी तिकडेच युनिव्हर्सिटीत, दुसऱ्या वर्षाला. कर्ज नाही. एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) मुदतठेवींत ६२ लाख, शिवाय ब्रिटनमधली खासगी पेन्शन. घरखर्च महिन्याला ९० हजार, आणि कन्सल्टिंग ‘सहा महिन्यांत सुरू होईल’. शाळेपासून डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या जमवायचा नाद होता, तो परदेशी गेल्यावर सुटला. आता मुंबईतल्या एका दिवंगत संग्राहकाच्या घरचे लोक मॅचबॉक्स, डिंकी, कॉर्गी या जुन्या ब्रिटिश ब्रँडच्या सुमारे ४२० गाड्या ११ लाखांना एकगठ्ठा देताहेत. ठेव मोडून घ्याव्यात का? शेअर बाजारापेक्षा ही गुंतवणूक बरी नाही का? पत्नी म्हणते, आधी बस्तान बसू दे.

नमस्कार,

गाड्या घ्या, पण दोन लाखांच्या आत, निवडून, आणि गुंतवणूक नव्हे, खर्च समजून. ठेव त्यासाठी मोडू नका.

तुमच्या पत्रातले आकडे मी फक्त एकापुढे एक मांडले. पेन्शन ५५ व्या वर्षी मिळेल असं तुम्ही धरलंय. ब्रिटनमध्ये खासगी पेन्शनला हात लावण्याचं किमान वय ६ एप्रिल २०२८ पासून ५५ वरून ५७ होतंय आणि तोवर तुम्ही पंचावन्न पुरे केलेले नसणार. काही जुन्या योजनांत आधीचं वय कायम राहतं, तेव्हा तुमच्या योजनेला पत्र टाकून विचारा; पण हिशोब ५७ चाच धरा. म्हणजे सहा वर्षं. महिना ९० हजारांनी सहा वर्षांचे ६४ लाख ८० हजार होतात. तुमच्याकडे ६२ आहेत. व्याज येईल, पण महागाई, मुलीची भाडी आणि विमानाची तिकिटं त्यातूनच जाणार. कन्सल्टिंग सुरू झालं तर चित्र बदलेल, पण आज त्याचा एक रुपयाही आलेला नाही. आणि ११ लाख म्हणजे तुमच्या घराचा वर्षभराचा खर्च. वहिनी म्हणतात ते या अर्थाने बरोबर आहे, गाड्यांना विरोध म्हणून नव्हे.

ब्रिटनची सरकारी पेन्शनही तुम्हाला कधीतरी मिळेल, पण भारतात राहणाऱ्यांची ती पहिल्या रकमेवरच गोठते, दरवर्षी वाढत नाही. तेव्हा म्हातारपणातली महागाई इथल्याच पैशाने सोसायची आहे.

आता पत्रात न विचारलेली, पण गाड्यांपेक्षा तातडीची गोष्ट. तुम्ही लिहिता, ‘एनआरई ठेवींचं व्याज करमुक्त असल्याने मोडायला जिवावर येतं.’ ते आता करमुक्त नाही. कायमचं राहायला परतलात त्या दिवसापासून परकीय चलनाच्या फेमा कायद्याने तुम्ही निवासी झालात. बँकेला कळवून खाती निवासी करून घ्यायची किंवा पैसे आरएफसी खात्यात (निवासींसाठीचं परकीय चलनाचं खातं) वळवायचे, हे अजून झालेलं दिसत नाही. इथे हमखास घोटाळा होतो. १७ वर्षं बाहेर राहिल्यामुळे आयकरात तुम्ही पहिली दोन-तीन वर्षं बहुधा ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) राहाल आणि तिकडच्या उत्पन्नावर इथे कर लागणार नाही, हे खरं. पण एनआरई ठेवीचं व्याज भारतातलं उत्पन्न आहे, त्याला ती ढाल चालत नाही. आरएफसीतल्या परकीय चलनाच्या ठेवीवरचं व्याज मात्र आरएनओआर असेपर्यंत करमुक्त असतं, आणि तो पैसा परदेशात खर्चायला आडकाठीही नाही. मुलीचा खर्च पौंडांतच आहे, तेव्हा निदान त्यापुरती रक्कम तिथे ठेवा. ठेव एक वर्षाची व्हायच्या आत मोडली तर एनआरईवर व्याजच मिळत नाही, हेही बँकेत जाण्याआधी बघून घ्या.

गुंतवणुकीच्या मुद्द्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण पत्रातला सगळा जोर तिथे आहे. २००९ मध्ये ४० पौंडांना दिसलेली गाडी आता २०० पौंडांना जाते, असं तुम्ही लिहिलंय. जाते. पण जी ४० वरून ३० वर आली ती तुमच्या लक्षातही राहिलेली नाही, कारण तिच्याबद्दल कुणी हळहळत नाही. लिलावातून घेताना बोलीवर लिलावघराचं प्रीमियम, म्हणजे वरचं शुल्क, लागतं, विकताना कमिशन कापलं जातं. समजा १०० पौंडांच्या बोलीवर २५ टक्के प्रीमियम दिलं आणि विकताना १५ टक्के गेले. तुमचे १२५ परत हातात पडायला पुढची बोली १४७ वर जावी लागते. दहा वर्षं धरून ठेवलीत तर दरसाल जवळजवळ ४ टक्के वाढ फक्त बरोबरीत यायला. थॉर्नबीच्या व्हेक्टिससारख्या खेळण्यांच्या लिलावघरांचे निकाल तुम्ही चाळत असालच. या वेळी बोलीचा आकडा न बघता विकणाऱ्याच्या हाती किती पडलं ते काढून बघा.

दुसरं, या वस्तूंची किंमत आठवणींवर उभी असते. डिंकीचा लिव्हरपूलचा बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. मॅचबॉक्स बनवणारी लेस्नी कंपनी १९८२ मध्ये बुडाली आणि मॅचबॉक्स हातोहात फिरत १९९७ मध्ये हॉट व्हील्स बनवणाऱ्या अमेरिकी मॅटेलकडे आली. पन्नाशीच्या दशकातल्या डिंकी ज्यांनी गालिच्यावर फिरवल्या ती मुलं आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे संग्रह बाजारात येताहेत आणि घेणारे कमी होताहेत. मुंबईचा हा संग्रहही नेमका असाच तुमच्यापर्यंत आलाय. तुमच्या वयाच्या माणसाला १९६९ नंतरच्या सुपरफास्ट चाकांच्या मॅचबॉक्स प्रिय, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्याला हॉट व्हील्स. पुढची पिढी कशासाठी पैसे मोजेल ते मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडे बहुतेक विकायला काहीतरी असतं.

४२० गाड्यांना ११ लाख म्हणजे गाडीमागे २६०० रुपये. ऐकायला वाजवी वाटतं, पण अशा संग्रहात किंमत सारखी पसरलेली नसते. पाच-पंचवीस गाड्यांत ती एकवटलेली असते आणि बाकी गर्दी. म्हणून आधी यादी मागा, आणि महागातल्या तीस गाड्यांचे सहाही बाजूंनी फोटो. मूळ खोका आहे का, हा पहिला प्रश्न. खोक्यासकट आणि खोक्याविना यांत कित्येकदा दुपटीतिपटीचा फरक पडतो, आणि म्हणूनच नक्कल खोके छापले जातात. रंग पुन्हा मारलाय का, चाकं बदललीत का, स्टिकर नवे आहेत का हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल. फक्त एक: युद्धापूर्वीच्या डिंकीत जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्याने धातू आतून तडकत जातो. तो थांबवता येत नाही, त्यामुळे बारीक चिरा दिसल्या तर ती गाडी फुकट मिळाली तरच घ्या. मुंबईच्या हवेत पन्नास पावसाळे काढलेल्या पुठ्ठ्याला कसर लागलीय का, तेही नाक लावून बघा, शब्दशः.

त्या संग्राहकाच्या घरच्यांना सरळ सांगा, की सगळा संग्रह घेणं झेपणार नाही, पण निवडलेल्या चाळीस-पन्नास गाड्यांचे योग्य पैसे देईन. नाही म्हणाले तर नाही. त्यांना वस्तूंची जाण नसेल आणि यादीत एखादी दुर्मीळ गाडी दिसली तर तीही त्यांना सांगा. दुखवट्याच्या घरातून घबाड उचलणं मला पटत नाही. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं कायद्याने बंद आहे आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला बसतो.

त्याआधी आईकडच्या माळ्यावरची तुमची ट्रंक उघडा. तुम्ही म्हणता त्यात ‘इथलाच साधा माल’ आहे. डिंकीच्या जुन्या साच्यांतून कलकत्त्याला निघालेल्या निकी टॉइज किंवा ब्लो प्लास्ट कंपनीने लिओ नावाने काढलेल्या हॉट व्हील्स त्यात निघाल्या, तर त्या साध्या नाहीत. इथल्या कारखान्यांनी वेगळेच रंग वापरले आणि त्यासाठी परदेशातले संग्राहक आज शोधत येतात. हौस परत सुरू करायला नव्या गाडीपेक्षा ही ट्रंक स्वस्त पडेल.

ब्रिटनमधून मागवत राहायचा बेत मात्र सोडा. भारताने खेळण्यांवरची मूळ आयातशुल्काची पातळी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. वैयक्तिक पार्सलची आकारणी निराळ्या नियमाने होऊ शकते, पण वर जीएसटी आणि कुरियरचं शुल्क आहेच, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची असल्याने पार्सल अडकून पडलं तर सोडवायला दमछाक होते. मुलीच्या खोलीत एक खण मागून घ्या. ती सुट्टीला येईल तेव्हा सामानाच्या ड्यूटी-फ्री मर्यादेत बसतील तेवढ्या गाड्या येऊ देत.

करातही गुंतवणुकीची भाषा तुमच्या कामाची नाही. स्वतःच्या वापरातली जंगम वस्तू विकली तर साधारणपणे भांडवली नफा कर लागत नाही, तोटाही वजा मिळत नाही. दागिने, चित्रं, कलावस्तू याला अपवाद आहेत. पण महिन्याला दहा गाड्या घेऊन विकू लागलात तर तो धंदा ठरेल. कपाटात बंद गाड्या ‘वापरातल्या’ म्हणायच्या का यावरही वाद घालता येतो, तेव्हा मोठी विक्री करण्याआधी सीएला विचारा.

विमा राहिला. भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातलं सामान येतं, पण चोरीचं संरक्षण फक्त आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांपुरतं असतं. घरफोडीचं वेगळं घ्यावं लागतं, आणि मौल्यवान वस्तू आधी मूल्य ठरवून नोंदवाव्या लागतात. दोन लाखांच्या गाड्यांसाठी एवढं करावं का? मी फोटो काढून यादी ठेवेन, घरफोडीचं कवच घेईन आणि तिथेच थांबेन.

पुढच्या वर्षांसाठी: कन्सल्टिंगचे जे पैसे खात्यात येतील त्यातले दहा टक्के गाड्यांचे. ते वहिनींना न विचारता खर्चले तरी चालतील, असं एकदा दोघांनी बसून ठरवा. काम आलं नाही त्या वर्षी नवी गाडी नाही. बँकेत उद्याच जा. मुंबईहून यादी आली की त्या तीस गाड्यांचे भाव लिहून मला पाठवा.