«एक जरी शब्द चुकला तर सगळेच गेले»

परळच्या एका मराठी चर्चमध्ये संडे स्कूलच्या मुलांना शिकवणाऱ्या एक तरुण गृहिणी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. शनिवारची रात्र आली की झोप लागत नाही, छातीत धडधडते आणि रविवारी वर्गात उभे राहण्याची भीती वाटते, अशी त्यांची तक्रार होती. याचे मूळ एका दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नात होते. गदरेकरांच्या प्रदेशात येशूला भेटलेले भूतग्रस्त बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात दोन आहेत, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात एकच आहे. «टीचर, खरे कोणाचे?» असे त्याने विचारले आणि त्या गप्प राहिल्या. घरी सासऱ्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, «देवाने सांगितले आणि माणसांनी लिहून घेतले. त्यात एक जरी शब्द चुकला तर सगळेच गेले.» त्या दिवसापासून त्यांनी एका वहीत दोन रकाने आखून शास्त्रातल्या विसंगती टिपायला सुरुवात केली होती. माझ्यासमोर ठेवलेल्या त्या वहीची अकरा पाने पेन्सिलीने भरली होती, आणि पुष्कळ ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या होत्या.

ही चिंता घेऊन येणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. बायबल ईश्वरप्रेरित आहे या श्रद्धेला धक्का बसला, असे अशा व्यक्तींना वाटत असते. प्रत्यक्षात धक्का बसलेला असतो तो प्रेरणा कशी झाली याविषयीच्या एका विशिष्ट कल्पनेला, आणि ती कल्पना म्हणजेच श्रद्धा असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी केवळ सांगून भागत नाही, ते त्यांना स्वतः पाहावे लागते. म्हणून पुढच्या भेटीला मी त्यांना स्वतःचे बायबल आणायला सांगितले.

प्रेषित पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र त्यांनी उघडले. «प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित» ही शिकवण जिच्यावर उभी आहे ती तिसऱ्या अध्यायातली सोळावी ओवी त्यांना पाठ होती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ «देवाने श्वासलेले» असा होतो आणि नव्या करारात तो शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, हे मी त्यांना सांगितले. मग पान उलटून चौथ्या अध्यायातली तेरावी ओवी वाचायला सांगितली. तिथे त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे येताना आणण्याची विनंती आहे. थोडे पुढे हिवाळ्यापूर्वी येण्याचा आग्रहही आहे. त्या बऱ्याच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, «त्यांना थंडी वाजत असणार.»

त्यानंतर आम्ही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आरंभ वाचला. क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज तुमच्यापैकी कोणाचा मी बाप्तिस्मा केला नाही, असे पौल आधी लिहितो. लगेच त्याला स्तेफनाच्या घरच्यांची आठवण होते, आणि आणखी कोणाचा केला असल्यास ठाऊक नाही असेही तो कबूल करतो. शब्दन् शब्द वरून सांगितला जात असता, तर लिहिणाऱ्याला मध्येच आठवण का व्हावी? लूक तर शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की, आपण सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन हे लिहीत आहोत.

सासऱ्यांचे मत चुकीचे ठरवणे हा माझा हेतू नव्हता, आणि ते माझे कामही नव्हे. मात्र एक गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगितली. शास्त्र मूळ हस्तलिखितांत पूर्णपणे निर्दोष आहे असे मानणाऱ्या इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) विद्वानांनी १९७८ साली शिकागो येथे जे निवेदन काढले, त्यातसुद्धा देवाने लेखकांचे व्यक्तिमत्त्व बाजूला सारले हे म्हणणे नाकारलेले आहे. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणावर जो दस्तऐवज संमत केला, त्यात मानवी लेखकांना खरे लेखक म्हटले असून, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचे होते ते शास्त्र निश्चितपणे शिकवते, असे सांगितले आहे. ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत, ते खोलवरचे आहेत आणि या दोन भूमिका एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण लिहिणारा माणूस निव्वळ लेखणी होता, असे या दोहोंपैकी कोणीही म्हणत नाही. भूतग्रस्तांच्या प्रश्नावरही काही जण म्हणतात की दोघे होते आणि मार्काने एकाचीच हकिकत सांगितली, तर काही जण म्हणतात की प्रत्येक लेखकाने ऐकीव परंपरा आपल्या परीने मांडली. दोन्ही प्रकारची माणसे रविवारी त्याच बाकांवर बसून प्रार्थना करतात.

विसंगतींची वही बंद करा असे मी त्यांना सांगितले नाही. रात्री ती उघडायची नाही आणि आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, पाळकांबरोबर बसून तिच्यातल्या एकाच नोंदीवर बोलायचे, एवढेच आम्ही ठरवले. त्या मुलाला «मला माहीत नाही, आपण दोघे मिळून वाचू» असे सांगण्याचा सराव त्यांनी माझ्यासमोर तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज कापला नाही.

चौथ्या भेटीत त्यांनी सांगितले की घरच्या सायंकाळच्या प्रार्थनेत त्यांनी ती झग्याची ओवी मोठ्याने वाचली. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाच म्हणाले आणि त्यावर काहीच बोलले नाहीत. शनिवारी अजूनही त्यांना उशिराच झोप लागते.