करांमुळे धंद्याचे निर्णय खरंच बदलतात का? आमच्या काजूचं उदाहरण

तुमचा प्रश्न असा: 'एम.कॉम.च्या पुस्तकात लिहिलंय की जागतिकीकरणात कंपन्या कर बघून निर्णय घेतात. प्रत्यक्षात तसं होतं, की माणूस आधी धंदा बघतो आणि कर नंतर भरतो?'

मी कुडाळात काजू कारखान्यांची आणि दोन-तीन आंबा कॅनिंगवाल्यांची जीएसटी-इन्कमटॅक्सची कामं करते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचं ऐकीव, आणि काजूचं रोजचं.

आधी एक साधी गोष्ट. सावंतवाडीकडचा माणूस कामासाठी गोव्यात गेला, की येताना पत्रादेवीची हद्द ओलांडायच्या आधी टाकी फुल करतो. तिकडे व्हॅट कमी, पेट्रोल स्वस्त. पण निव्वळ पेट्रोलसाठी कुडाळहून कोणी गोवा गाठत नाही. माझ्या पाहण्यात धंद्यातही बहुतेक असंच होतं. धंदा करायचा की नाही हे करावर क्वचितच ठरतं. माल कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा आणि प्रक्रिया कुठवर करायची, हे मात्र हमखास ठरतं.

आता काजू. कोकणातली काजूबी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतली येते. छोटे कारखानदार ती स्वतः आयात करत नाहीत, मंगळूरच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतात. २०१६ च्या बजेटात कच्च्या काजूवर ५ टक्के सीमाशुल्क बसलं, २०१८ मध्ये ते २.५ वर आलं. अडीच टक्के म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण एक किलो गर काढायला साधारण चार किलो बी लागते. समजा बी १२५ रुपये किलो, तर किलोभर गरामागे साडेबारा रुपये शुल्कातच गेले. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो. सीमाशुल्काचं तसं मिळत नाही. ते सरळ खर्चात जातं. अख्ख्या गराचे तुकडे किती पडले यावर ज्यांचा नफा ठरतो, त्यांना साडेबारा रुपये बोचतात.

म्हणून व्यापारी नकाशा बघतो. टांझानियासारख्या अल्पविकसित देशांच्या मालाला सवलत मिळते, आयव्हरी कोस्टच्या मालाला ती नाही. पलीकडची सरकारंही गप्प बसलेली नाहीत. त्यांना वाटतं, बी आमची, मग फोडायचं काम भारतात किंवा व्हिएतनामात का? कुणी कच्च्या मालावर निर्यातकर लावला, बेनिनने तर एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवणंच बंद केलं. दुसऱ्या टोकाला आपल्याकडे तयार गरावरचं शुल्क २०१९ च्या बजेटात ४५ वरून ७० टक्के झालं. कशासाठी? व्हिएतनामचा गर इथे स्वस्तात उतरू नये म्हणून. म्हणजे वेंगुर्ल्यातल्या बाईच्या हाताला सोलायचं काम राहणार की नाही, ते निम्मं दिल्लीत आणि निम्मं आफ्रिकेत ठरतं.

तुमच्या पुस्तकातल्या मोठ्या कंपन्यांचं थोडक्यात सांगते. आयर्लंडने साडेबारा टक्के कर ठेवून अमेरिकी कंपन्यांची कार्यालयं ओढली, हे खरंच आहे. ते थांबवायला २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी किमान १५ टक्के कराचं ठरवलं, पण तो ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. आमच्याकडे त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. २०१९ मध्ये आपल्या सरकारने नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्क्यांचा दर दिला, तोही फक्त कंपन्यांना. इथले बहुतेक कारखाने घरच्या नावावर नाहीतर भागीदारीत.

आंबेवाल्यांचं वेगळंच. बागायतदाराने फळ विकलं तर उत्पन्न शेतीचं, आयकर नाही. त्याच आंब्याचा पल्प काढला, की घरच्या आंब्याची बाजारभावाने किंमत वजा करून उरलेला नफा धंद्याचा, त्यावर कर. शिवाय हिशेब ठेवा, बिलं जपा. पेटी भरून वाशीला पाठवणंच बरं, असं म्हणणारे मला दर वर्षी भेटतात.

सगळ्यात जास्त निर्णय फिरवणारा कर मात्र पुस्तकात सापडणार नाही. नोंदणीकृत कारखान्याने शेतकऱ्याकडून काजूबी घेतली, की त्यावरचा ५ टक्के जीएसटी शेतकरी नाही, कारखानदार भरतो. रिव्हर्स चार्ज. तोही रोखीनेच, जमा क्रेडिटमधून चालत नाही. इथली बी मार्च ते मे अशी येते. ८० टन घेतली तर एक कोटीचा माल, त्यावर पाच लाखांचा कर, खरेदीच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. क्रेडिट लगेच दिसतं, पण वापरायचं कधी? गर विकला जाईल तेव्हा, म्हणजे खरी उचल गणपती ते दिवाळी. गोदामातल्या मालावर बँक कर्ज देते, जीएसटी भरायच्या चलनावर (पावतीवर) देत नाही.

माझे एक अशील आहेत, साठीचे, वेंगुर्ला तालुक्यातले. गेल्या वर्षी चलन हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, कर देवक माझी ना नाय, पण मे म्हयन्यात पैसे खयसून हाडू?" व्यापाऱ्याच्या आफ्रिकी मालावरही ५ टक्केच जीएसटी, दरात फरक शून्य. पण तो माल महिन्याला एक गाडी घेता येतो आणि त्याचा कर त्याच महिन्याच्या विक्रीतून वळता होतो.

यंदा त्यांनी गावातून तीसच टन उचलली, बाकीची मंगळूरहून. वेंगुर्ल्याच्या बीला गर चांगला सुटतो हे त्यांना ठाऊक आहे, तरीही. वाडीतले बागायतदार त्यांच्यावर रुसलेत. त्यांना वाटतं, शेठ भाव पाडायला बघतोय.