फौजेतून रिटायर झालेला माणूस गावचं काम खरंच चांगलं करतो का?

करतो, पण सगळेच नाही. एक गोष्ट कोणी बघत नाही, 2022 च्या अग्निवीर योजनेआधी भरती झालेला जवान साधारण 15-17 वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, पेन्शन चालू आणि अंगात दम असतो, मग निस्तं पारावर बसून पत्ते किती खेळणार!

अण्णा हजारेच घ्या ना, 1965 च्या युद्धात खेमकरणला गाडी चालवत होते, सोबतचे गेले, हे वाचले. 1975 ला राळेगणला परत आले, फंडाच्या पैशातून आधी मंदिर नीट केलं, मग दारूबंदी, मग बंधारे. दिल्लीतलं आंदोलन फार नंतरचं, पण लोकांना तेवढंच आठवतं.

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात एक आबा होते, 1971 ला पूर्वेकडच्या आघाडीवर. सरपंच झाले तर नळाचा व्हॉल कितीला उघडला, कितीला बंद केला हे स्वतः पेन्सिलने वहीत लिहायचे, आणि उन्हाळ्यात कोणी मोटर लावून पाणी ओढलं तर सरळ दारात जाऊन उभे, बोलायचे काहीच नाही. ग्रामसभा नऊची म्हंजे नऊची, तिघंच आले तरी सुरू. दुसऱ्या टर्मला पडले मात्र. माझ्या मते हुकूम द्यायची सवय नडली, गावात सॅल्यूट कोण मारतो हो, इथं समोरच्याचं पण ऐकून घ्यावं लागतं. वही मात्र नंतरच्या सरपंचानेही चालू ठेवली.