चार-चार दिवसांचा अबोला येतो कुठून?

"लहानपणापासून मी असाच आहे हो, आता चाळिशीत काय बदलणार, स्वभावाला औषध नसतं." हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाक्य सुरू झालं की शेवट आधीच माहीत असतो. त्यातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.

तो बँकेत. कस्टमर टेबलावर पासबुक आपटून गेला तरी हा शांत. पण घरी बायकोने "आधी मला विचारायचंस ना" एवढं म्हटलं की संपलं, चार दिवस तोंडातून शब्द नाही. डबा न्यायचा, ईएमआय भरायचा, पोरीला स्कूलबसपर्यंत सोडायचं, सगळं व्यवस्थित करायचं, फक्त बोलायचं नाही. ती म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा कचाकचा भांडला असता तर बरं." तिला वाटायचं तो मुद्दाम शिक्षा देतोय. तसं करणारेही असतात, हा त्यातला नव्हता.

मी विचारलं, त्या वेळी अंगात काय होतं? आधी बराच वेळ "काही नाही", मग मोबाईलच्या कव्हरची कड अंगठ्याने उचकटत म्हणाला, घसा आवळतो आणि कान तापतात. असं आधी कधी व्हायचं? तर लहानपणी, जेवताना. वडील चिडले की ताट भिरकावायचे, आई मुकाट्याने फरशीवरची आमटी पुसायची आणि याला डोळ्यांनीच दटावायची, गप्प बस. आठ वर्षांच्या पोराने त्यातून काय शिकावं? बोललं की वाढतं, गप्प बसलं की निभावतं. आणि त्या घरात ते खरंच होतं, अडचण एवढीच की घर बदललं, बायको ताट फेकत नाही, तरी नियम तोच चालू.

राग कसा आवरायचा हे मुलं सांगून कमी आणि बघून जास्त शिकतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांचा संशोधकांनी मोठेपणीही माग ठेवलाय, लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता त्यांना बत्तिसाव्या वर्षी तब्येतीच्या, पैशाच्या अडचणी जास्त होत्या. हे वाचून पालक घाबरतात. पण वाढत्या वयात ज्यांचा ताबा सुधारला त्यांचं पुढे अंदाजापेक्षा बरं झालं हेही त्याच अभ्यासात आहे, तेवढं मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

याच्याकडे तर ताबा कमी नव्हताच, नुसतं दाबणं येत होतं, आणि दाबलं की चेहरा शांत दिसतो पण शरीर आतून ताणलेलंच राहतं. म्हणून "राग सोडा, मन मोकळं करा" वगैरे काही सांगितलं नाही. घसा आवळला की एवढंच म्हणायचं, "मला राग आलाय, आत्ता बोलता येत नाहीये, साडेनऊला बोलू." वेळ सांगायची, आणि ती त्यानेच पाळायची, तोवर तिने मागे लागायचं नाही. सुरुवातीला तो हे शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲपवर टाकायचा. म्हटलं चालेल.

अबोला अजून होतो, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही. हल्ली तक्रार तिचीच असते, "अहो, हा खरंच साडेनऊला येऊन बसतो, आणि मला तेव्हा झोप आलेली असते."