वाचकांचे प्रश्न : धनुष्कोडीचा धक्का आणि त्याचे स्थानक

प्रश्न : चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून रामेश्वरमला जाणाऱ्या गाडीला अजून ‘बोट मेल’ म्हणतात. या गाडीला बोट कुठे मिळत असे? (एक वाचक, सांगली)

रामेश्वरम बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीच्या धक्क्यावर. हा मार्ग सुरू होण्याआधी मद्रासहून सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) जाणारे उतारू रेल्वेने तुतिकोरीनपर्यंत जात आणि तिथून आगबोटीने कोलंबो गाठत. तुतिकोरीनचा किनारा उथळ असल्यामुळे मोठ्या बोटी दूर समुद्रात नांगरून राहत, माणसे आणि सामान लहान होड्यांतून तिथवर न्यावे लागे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी मुख्य भूमी आणि रामेश्वरम बेट जोडणारा पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि गाडी थेट बेटाच्या आग्नेय टोकाला पोहोचू लागली. समुद्रप्रवास उरला तो फक्त सिलोनच्या तलैमन्नारपर्यंतचा, सुमारे ३५ किलोमीटरचा.

एग्मोर ते कोलंबो एकच तिकीट मिळत असे. गाडी मात्र बदलावीच लागे, कारण भारताकडचा मार्ग मीटरगेज होता आणि सिलोनकडचा साडेपाच फुटी ब्रॉडगेज. या फेरीवरच्या पहिल्या आगबोटींना कर्झन, एल्गिन आणि हार्डिंज या व्हाइसरॉयांची नावे होती. पुढे आयर्विन आणि गोशेन आल्या. या मार्गाबद्दल लिहिताना साहेबांचे डबे आणि बोटीवरचे जेवण यांचीच वर्णने फार होतात, पण या वाटेने सिलोनच्या चहामळ्यांत गेलेल्या तमिळ मजुरांची संख्या मोठी होती. त्यांना पुलाअलीकडे मंडपमच्या छावणीत, रोगाची तपासणी पूर्ण होईपर्यंत, अडकून राहावे लागे. ती छावणी सिलोन सरकार चालवत असे. या मार्गाचा इतिहास मंडपमशिवाय सांगितला तर अर्धाच राहतो.

प्रश्न : पणजोबांच्या यात्रेच्या वहीत ‘पांबनास गाडी बदलली’ अशी नोंद आहे. रामेश्वरला सरळ गाडी जात नव्हती का? (एक वाचक, वाई)

नोंद बरोबर आहे. आज रामेश्वरम हे शेवटचे स्थानक आहे, म्हणून पूर्वीही मुख्य मार्ग तिकडेच जात असेल असे वाटते. प्रत्यक्षात मुख्य मार्ग पांबनहून धनुष्कोडीला जाई आणि रामेश्वरम हा पांबनला फुटणारा फाटा होता. रेल्वेने इतका खर्च केला होता तो सिलोनच्या वाहतुकीसाठी. यात्रेकरूंची सोय त्या ओघात झाली. काशीयात्रा सेतुस्नानाशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे अनेक मराठी यात्रेकरू धनुष्कोडीलाही जात आणि प्रयागला नेण्यासाठी तिथली वाळू बांधून घेत. वहीत पुढे ‘सेतू’ असा उल्लेख आला तर तो बहुधा धनुष्कोडीचा समजावा.

प्रश्न : १९६४ च्या वादळानंतर पांबनचा पूल दीड महिन्यात उभा राहिला, मग धनुष्कोडीचे स्थानक पुन्हा का बांधले नाही? (एक वाचक, नागपूर)

पुलाचे काम सोपे होते म्हणून तो उभा राहिला, असे मुळीच नाही. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या वादळात चाळीस फुटी १४५ गाळ्यांपैकी १२६ गाळ्यांचे गर्डर समुद्रात गेले. जहाजांसाठी उघडणारा २२५ फुटी शेर्झर गाळा वाचला, आणि दुरुस्ती शक्य झाली त्यामागे हे एक मोठे कारण आहे. नवे गर्डर घडवून आणायचे तर महिने गेले असते. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाताखालच्या पथकाने मच्छीमारांच्या मदतीने बुडालेले गर्डर शोधले आणि वर काढून पुन्हा खांबांवर चढवले. काम ४६ दिवसांत झाले.

धनुष्कोडीची अडचण मात्र बांधकामाची नव्हती. त्याच रात्री पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर स्थानकाच्या अगदी जवळ येऊन लाटेखाली गेली. आत शंभराहून जास्त लोक होते, कोणी वाचले नाही. सकाळी गाव, रूळ, धक्का यांतले वापरण्याजोगे काही उरले नव्हते. जमीन म्हणजे दोन समुद्रांमधली वाळूची अरुंद पट्टी. वादळाची लाट तिच्यावरून सरळ पलीकडे जाते, आणि वादळ नसतानाही वाऱ्याने वाळू सरकत राहते. सरकारने ते ठिकाण वस्तीला अयोग्य ठरवले. सिलोनची बोट रामेश्वरमहून सुटू लागली आणि १९८४ पर्यंत चालली. धक्का गेल्यावर रुळांना तिकडे जायला कारणच उरले नाही. पूल रामेश्वरमसाठी हवा होता, म्हणून तो झाला.

१ मार्च २०१९ रोजी रामेश्वरम–धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या नव्या मार्गाची पायाभरणी झाली, पण मार्ग झालेला नाही. आमच्या मते तो होऊ नये. त्या वाळूवर भराव घालून रूळ टाकणे म्हणजे १९६४ चा धोका पुन्हा ओढवून घेणे.

प्रश्न : सहकुटुंब जाणार आहोत. स्थानकाचे काय शिल्लक आहे, आणि काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

मुंबईहून येणारी गाडी चेन्नईत सेंट्रलला थांबते की एग्मोरला, ते तिकिटावर आधी पाहा. दोन्ही स्थानके जवळ आहेत, पण सामानासह घाईत हे अंतर जड जाते. रामेश्वरमहून धनुष्कोडीपुढच्या अरिचलमुनै टोकापर्यंत २०१७ पासून पक्का रस्ता आहे. संध्याकाळच्या आत पोलीस सर्वांना परत पाठवतात, म्हणून सकाळीच निघा. वाटेत सावली नाही, पाणी बरोबर ठेवा. टोकाला प्रवाह जोरदार असतात, पोहायला उतरू नका.

स्थानकाच्या भिंतींचे अवशेष, पाण्याची टाकी आणि चर्च पाहता येते. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. जवळून पाहिले तर दगडात शिंपल्यांचे आणि प्रवाळाचे छिद्रांचे नक्षीकाम दिसते. त्याच छिद्रांत खारे पाणी शिरते, सुकते, आणि मिठाचे स्फटिक फुगून दगड आतून फोडतात. त्यामुळे हात घासला तरी पापुद्रे सुटतात. फोटोसाठी मुलांना भिंतीवर चढवू नका. यात मुलांनाही धोका आहे आणि भिंतीलाही.

जुन्या पांबन पुलावरची वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली. ६ एप्रिल २०२५ पासून गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो.

प्रश्न : तलैमन्नारला आज बोटीने जाता येते का? (एक वाचक, बडोदा)

रामेश्वरमहून नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूतले नागपट्टिणम ते श्रीलंकेतले कांकेसन्तुरै अशी प्रवासी बोट सुरू झाली, पण ती जाफन्याच्या बाजूला उतरवते. हवामानामुळे ती मधूनमधून बंद असते, तेव्हा तारखांची खात्री करूनच निघावे. पासपोर्ट लागतोच. तलैमन्नारचा रेल्वेमार्ग श्रीलंकेतल्या यादवीत बंद पडला होता, तो १४ मार्च २०१५ रोजी पुन्हा सुरू झाला. कोलंबो फोर्टहून निघणारी गाडी तिथल्या ‘तलैमन्नार पिअर’ स्थानकापर्यंत जाते.